मस्कीचं रीळ घेताना आधी ल्युअरचा विचार करा

वाचकाचं पत्र (संक्षिप्त):

"काका, मी मूळची रेवदंड्याची. बाबांबरोबर खाडीवर जिताडा गरवत मोठी झाले. गेली सहा वर्षं अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला आहे आणि दोन वर्षांपासून ऑफिसमधल्या मैत्रिणीमुळे मस्की या तळ्यांतल्या मोठ्या शिकारी माशाच्या मागे लागले आहे. माझ्याकडे बास माशासाठी घेतलेलं लहान बेटकास्टिंग रीळ (फेकताना त्याचं स्पूल, म्हणजे दोरीची चकरी, फिरते) आहे, त्यावर ५० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी. मोठ्या, दहा नंबरच्या (हा पात्याचा आकार) दोन पात्यांचं बकटेल, म्हणजे पाती फिरणारं केसाळ ल्युअर, ओढताना तासाभरात मनगट भरून येतं. ऑगस्टपासून हँडल फिरवलं की आत करकर वाजतं. सप्टेंबरमध्ये मोठं रबरी ल्युअर (नकली आमिष) फेकताना स्पूलवर गुंता झाला, दोरी तुटली आणि ल्युअर तळ्यात गेलं. आता नवीन रीळ घ्यायचंय, पण एकच, आणि तीनशे डॉलरांच्या आत. दुकानदार म्हणतो, सर्वांत वेगवान घ्या. मैत्रिणीचे वडील म्हणतात, जुन्या पद्धतीचं गोल रीळच घ्या. माझे हात लहान आहेत आणि उजवं कोपर दुखतं. बाबांचं खाडीवरचं स्पिनिंग रीळ इथे आणलंय, ते चालेल का? मस्की आजवर एकच लागली, ४१ इंचांची. ती सोडून दिली. बाबा फोनवर विचारतात, एवढा मासा हातात येऊन सोडायचा, तर गरवायला जायचं कशाला?"

ताई,

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत: मनगट भरून येतं, रिळात करकर वाजतं, फेकताना दोरी तुटली. या तिन्हींत मासा कुठेच नाही. तिन्ही वेळी दोरीच्या टोकाला होतं ते फक्त ल्युअर. मस्कीचं रीळ निवडताना मी हीच गोष्ट धरून बसतो. दुकानात आपल्याला माशाबद्दल सांगतात, ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक, किती पौंडांचा, पन्नास इंची मासा कसा रोखेल वगैरे. प्रत्यक्षात मस्की लागली की काही मिनिटांत ती जाळ्यात तरी येते, नाहीतर सुटून तरी जाते. बाकीचा सगळा मोसम ते रीळ ल्युअर ओढत असतं. ज्याला ते काम झेपतं, त्याला मासा झेपतोच.

थोडा हिशेब मांडतो, कारण दुकानातला गोंधळ त्यानेच सुटेल. मस्कीला इथले लोक 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात, ते तुम्ही ऐकलं असेलच. दिवसभराच्या आठ तासांत साधारण चारशे फेकी होतात असं धरू, प्रत्येक फेक तीस मीटरची. हँडलच्या एका फेरीत २९ इंच दोरी गोळा करणाऱ्या रिळावर एका फेकीला ४१ फेऱ्या लागतात. एका फेरीत ३८ इंच ओढणाऱ्या रिळावर ३१. म्हणजे दिवसाकाठी चार हजार फेऱ्यांचा फरक. दुकानदार वेगवान रीळ घ्या म्हणतो, त्याच्या मनात हेच गणित असणार, आणि ते चुकीचं नाही. पण ते अर्धंच आहे.

उरलेलं अर्धं जोराचं. स्पूलवर भरलेल्या दोरीची त्रिज्या २० मिलिमीटर धरा, हँडलचा दांडा मध्यापासून मुठीपर्यंत ५० मिलिमीटर, आणि पाण्यात फिरणारी पाती एक किलोच्या जोरानं दोरी मागे ओढताहेत असं समजा. गियर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या किती फेऱ्या, ७.६ असेल तर मुठीवर सतत तीन किलोंचा जोर लावावा लागतो. रेशो ५.८ असेल तर सव्वादोन किलोंच्या थोडा वर. दांडा ६० मिलिमीटरचा केला तर त्याच ५.८ ला दोन किलोंच्याही आत काम होतं. आतल्या घर्षणाचं ओझं यावर वेगळं. एकूण मेहनत दोन्हीकडे सारखीच, कारण ल्युअर तेवढंच अंतर कापतं. ती थोड्या जड फेऱ्यांत करायची की जास्त हलक्या फेऱ्यांत, एवढाच प्रश्न. खंबाटकी घाट सायकलवर चढताना आपण कुठला गियर टाकतो, तसंच हे.

म्हणून नुसत्या रेशोच्या आकड्यावर जाऊ नका. खोक्यावर आणखी एक आकडा असतो, हँडलच्या एका फेरीत किती इंच दोरी येते त्याचा. तो वाचा. शिमानो कंपनीच्या ट्रँक्स मालिकेत हे छान दिसतं. ४०० आकाराचं ७.६ रेशोचं रीळ फेरीला सुमारे ३८ इंच ओढतं, आणि ५०० आकाराचं ६.६ रेशोचं रीळ सुमारे ४२. कमी रेशोचं रीळ जास्त वेगवान, कारण त्याचं स्पूल मोठं. तेच ५०० आकाराचं रीळ ४.६ रेशोतही मिळतं आणि तेव्हा ते फेरीला ३० इंचांच्या आसपास येतं. 'हाय स्पीड' हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. आणखी एक बारकावा: हे आकडे स्पूल काठोकाठ भरलेलं असतानाचे असतात. लांब फेकीनंतर स्पूलवरची दोरी कमी झाली की तेच रीळ मंदावतं. दोरी कमी भरून पैसे वाचवणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी वेगासाठी मोजलेले पैसे तिथेच वाया जातात. स्पूलच्या काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत दोरी भरा.

आता तुमच्या डब्यात काय आहे ते पाहू. पत्रात दोन ल्युअर आहेत: दहा नंबरच्या दोन पात्यांचं बकटेल आणि मोठं रबरी. दोघांची रिळाकडून वेगवेगळी अपेक्षा असते, आणि एकाच रिळात दोन्ही बसवायची म्हणून तुमचा प्रश्न अवघड झालाय.

बकटेल वजनाला फार नसतं, पण पाण्यात त्याची ओढ भयंकर. तळहाताएवढी दोन पाती फिरायला लागली की काठीच्या टोकाला कुणी बादली बांधल्यासारखं वाटतं. हे ल्युअर फेकल्यापासून बोटीपर्यंत न थांबता ओढायचं असतं, हाताला मध्ये विश्रांती नाही. बासच्या लहान रिळाचं हँडल आखूड, गियरचे दाते बारीक आणि बऱ्याचदा हलक्या धातूचे. त्यावर हे काम म्हणजे स्कूटरला ट्रॉली जोडण्यासारखं आहे. तुमच्या रिळातली करकर ही दात्यांची झीज असावी. त्यात वंगण घालून पुढचा मोसम काढू नका.

मी हे भोगलेलं आहे. मस्कीच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात व्हर्मिलियन तळ्यावर माझ्या लहान रिळाचे दाते बरोबर असेच गेले. आधी तीन आठवडे करकर होती आणि मी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. मग एका संध्याकाळी बोटीजवळ मासा लागला, हँडल फिरत राहिलं आणि स्पूल जागचं हललं नाही. मासा दोरी सैल पडताच सुटला. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर रीळ उघडलं तर मोठ्या चक्राचे दाते एका बाजूला पार लोळलेले. ज्या कंपनीचं ते रीळ होतं तिनं ते बाससाठी बनवलं होतं आणि बाससाठी ते उत्तम होतं. त्याला मी नको त्या कामाला जुंपलं होतं.

रबरी ल्युअरची गोष्ट उलट. ते जड असतं, काही तर नावाप्रमाणे खरोखरच एक पौंडाची, म्हणजे साडेचारशे ग्रॅमांची. पण ते काठीनं ओढायचं, मग खाली पडू द्यायचं. ओढ काठी सोसते. रिळाचं काम मधली सैल दोरी गोळा करण्याचं, आणि तिथे वेग उपयोगी पडतो. ल्युअर बुडत असताना मस्कीनं ते तोंडात घेतलं आणि दोरीला झोल असेल तर गरी लागतच नाही. मोठ्या फलकाचं खोल जाणारं क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक ल्युअर) मात्र पुन्हा बकटेलच्याच गटातलं, सतत ओढणारं.

दुकानात एक युक्तिवाद हमखास ऐकाल: वेगवान रीळ हळू फिरवता येतं, मंद रीळ वेगानं फिरवता येत नाही. तरुण, धडधाकट हातासाठी हा सल्ला ठीक आहे. तुमच्या बाबतीत मी तो उलटा करेन. मंद रिळावर वेग हवा असेल तेव्हा हात भराभर फिरवता येतो. २९ इंचांच्या रिळावर सेकंदाला दोन फेऱ्या मारल्या तर ल्युअर ताशी सव्वापाच किलोमीटरनं धावतं, बकटेलसाठी हा चांगला वेग आहे. दुखऱ्या कोपरात जोर मात्र कुठून आणणार? रबरी ल्युअरची सैल दोरी गोळा करायला एकाऐवजी दीड-दोन फेऱ्या माराव्या लागतील. त्या फेऱ्या रिकाम्या असतात, त्यांचा त्रास होत नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. ४०० आकाराचं लो-प्रोफाइल, म्हणजे काठीला चिकटून बसणारं चपटं, रीळ घ्या, साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यानच्या रेशोचं, फेरीला तीस इंचांच्या आसपास ओढणारं, लांब दांड्याच्या आणि मोठ्या मुठींच्या हँडलचं. शिमानोचं ट्रँक्स ४०० आणि दाइवाचं लेक्सा ४०० ही या गटातली रुळलेली नावं. ट्रँक्समध्ये ५.८ चं मॉडेल पाहा. किमती दर वर्षी हलतात, शिवाय हिवाळ्यात, मोसम संपल्यावर, बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते, म्हणून आकडे देत नाही. दोघांपैकी जे हातात नीट बसेल आणि ज्याचे सुटे भाग तुमच्या शहरात मिळतील ते घ्या. ट्रँक्स ५०० मोठ्या रबरी ल्युअरसाठी फार दणकट आहे, पण ते सुमारे ४९० ग्रॅमचं, आणि ४०० सुमारे ३४०. हा दीडशे ग्रॅमांचा फरक सकाळी कळत नाही, दुपारी तीन वाजता कळतो. आणि ते तुमच्या बजेटच्या बरंच वर जातं.

मैत्रिणीच्या वडिलांचं गोल रीळ मी उडवून लावत नाही. आबू कंपनीनं १९५२ साली स्वीडनमध्ये अँबॅसॅडर रिळं बाजारात आणली, आणि मस्कीच्या तळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ६५०० आणि ७००० आकारांची तीच रिळं वापरली. रचना साधी, घरी उघडून साफ करता येतात, सुटे भाग सहज मिळतात. तुमचे हात मोठे असते आणि कोपर धड असतं, तर मी त्यांच्याशी सहमत झालो असतो. पण गोल रीळ काठीवर उंच बसतं. मस्की गरवताना काठीचा हात रिळाभोवती लपेटून धरायचं असतं, करंगळी खाली, अंगठा स्पूलवर. लहान पंजाला गोल रीळ असं लपेटता येत नाही, मग बोटं ताणलेली राहतात आणि तो ताण थेट कोपरापर्यंत जातो. त्या काकांकडून त्यांचं रीळ एक दिवस मागून घ्या आणि खुशाल वापरून पाहा. माझ्यापेक्षा तुमचा हात खरं सांगेल.

आता उजवं की डावं. तुमचं दुखणं कशानं सुरू झालं ते आठवून पाहा. बकटेल ओढताना दुखलं असेल तर हँडल फिरवणारा हात दुखावलाय. रबरी ल्युअर ओढताना दुखलं असेल तर काठीचा. उजव्या हातानं हँडल फिरवत असाल आणि दुखणं बकटेलचं असेल, तर डाव्या हँडलचं रीळ घ्या. शिमानोत मॉडेलचा आकडा १ वर संपत असेल, म्हणजे ४०१, तर ते डाव्या हाताचं असतं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस हात अडखळेल, मग सवय होते. एक फायदाही आहे: उजव्या हातानं फेकून हात न बदलता लगेच ओढायला सुरुवात करता येते, आणि बकटेल पाण्यात पडताक्षणी फिरायला लागलं तर उत्तमच. रबरी ल्युअरच्या दिवशी काठीचं मागचं टोक बगलेत किंवा कमरेशी दाबा आणि ओढ खांद्यातून न देता कंबर वळवून द्या. तरीही दुखत राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. रीळ हे त्यावरचं औषध नव्हे.

तुटलेल्या दोरीकडे वळतो. पन्नास पौंडांची दोरी तुटली म्हणून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल, कारण मस्की स्वतः सहसा पन्नास पौंड भरत नाही. पण मस्कीसाठी ८० किंवा १०० पौंडांची ब्रेडेड दोरी वापरतात त्यामागे मासा हे दुय्यम कारण आहे. दोनशे-तीनशे ग्रॅमांचं ल्युअर पूर्ण वेगात असताना स्पूल अचानक अडकलं की सगळा झटका दोरीवर येतो, आणि ब्रेडेड दोरीला ताण सोसायची लवचिकता नसते. ती तुटते, नाहीतर काठी. तुम्ही ८० पौंडी भरा. ४०० च्या स्पूलवर ती पुरेशी मावते. गुळगुळीत स्पूलवर ब्रेडेड दोरी थेट बांधली तर अख्खा गठ्ठाच गरगर फिरतो आणि मासा ओढतोय पण दोरी येत नाही असं होतं, म्हणून खाली थोडी नायलॉनची दोरी आधी गुंडाळा.

गुंता होण्याचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. ल्युअर तळाच्या झाडीत अडकलं आणि तुम्ही ओढून सोडवलं, की दोरीचा एखादा वेढा खालच्या वेढ्यांत रुतून बसतो. वरून काही दिसत नाही. पुढची फेक त्या रुतलेल्या वेढ्याशी आली की स्पूल जागच्या जागी थांबतं. अंगठ्याची चूक नसताना ल्युअर जातं ते असं. म्हणून प्रत्येक अडकण्यानंतर फेकीपेक्षा थोडी जास्त दोरी हातानं काढा आणि ओल्या फडक्यातून ताणून पुन्हा गुंडाळा. दोन मिनिटं लागतात. दर महिन्याला एकदा बोटीमागे लांबवर दोरी सोडून, ल्युअरच्या ओढीवर ती घट्ट भरून घ्या.

ल्युअर बदललं की स्पूलचा ताण आणि ब्रेक पुन्हा लावायचा. स्पूल मोकळं सोडलं की ल्युअर सावकाश खाली जावं आणि जमिनीला टेकताच स्पूल एखाद-दुसऱ्या वेढ्यात थांबावं, इथून सुरुवात करा. हलक्या बकटेलवर लावलेला ब्रेक पौंडाच्या रबरावर तसाच ठेवला तर गुंता ठरलेला. आणि फेक झटक्याची नको. जिताड्याला हलकं ल्युअर टाकताना मनगटानं जो झटका देतो तो इथे विसरा. ल्युअर काठीच्या टोकापासून हात-दीड हात खाली लोंबू द्या, दोन्ही हातांनी काठी मागे नेऊन एका लयीत भिरकावा. साडेआठ-नऊ फुटी काठी असेल तर काम तीच करते.

ड्रॅगबद्दल इथल्या बोटींवर वाद आहेत. पुष्कळ जण तो पूर्ण आवळून ठेवतात, म्हणजे गरी घट्ट रुतते. मला ते पटत नाही. मस्की बऱ्याचदा बोटीच्या अगदी कडेला लागते, काठीनं पाण्यात आठचा आकडा काढत असताना. तेव्हा बाहेर दोरी असते जेमतेम दोन मीटर, आणि तिला ताण सोसता येत नाही. ड्रॅग पूर्ण आवळलेला असेल तर गरी माशाचं तोंड फाडून निघते. मी तराजूला दोरी बांधून ओढतो आणि सात-आठ किलोंवर ड्रॅग सुटेल असा लावतो. अंगठा स्पूलवर आहेच, जास्त लागेल तेव्हा दाबायचा. या आठच्या आकड्यासाठी दोरीवर, लीडरच्या (दोरी आणि ल्युअर यांमधल्या जाड तुकड्याच्या) गाठीच्या थोडं आधी, गडद पेनानं खूण करून ठेवा. खूण दिसली की फिरवणं थांबवायचं, नाहीतर लीडर काठीच्या कडीत घुसतं आणि मागे आलेला मासा आपण नुसता बघत राहतो.

बाबांच्या स्पिनिंग रिळाचं. खारं पाणी सोसणारं मोठं स्पिनिंग रीळ असेल तर त्यावर हलकी बकटेल टाकायला हरकत नाही. जड ल्युअरला मात्र नाही. फेकताना दोरी तर्जनीवर धरावी लागते, आणि दोनशे ग्रॅम भिरकावताना ब्रेडेड दोरी बोट कापते. जोराच्या फेकीत दोरी अडवणारी तार मध्येच आपोआप बंद पडली तर ल्युअर तुटून जातं, बोटीत दुसरं कुणी असेल तर ते धोक्याचंही. शिवाय बोटीच्या कडेला अंगठ्यानं दोरी सोडण्याची सोय त्यात नाही. ते रीळ वॉलाय आणि पाइक या इथल्या इतर माशांसाठी ठेवा, पुष्कळ वर्षं साथ देईल.

एक विनंती, रिळाच्या बाहेरची. तीनशे डॉलर सगळेच्या सगळे रिळावर घालू नका. तुमच्या पत्रात जाळ्याचा किंवा गरी कापायच्या कटरचा उल्लेख नाही. मैत्रिणीच्या बोटीवर असेलही. नसेल तर आधी कटर घ्या, जाड तिहेरी गरी एका दाबात तुटेल असा, आणि लांब पक्कड. मस्की दिसायला राकट, पण हाताळणीला अतिशय नाजूक. मोठ्या, बिनगाठींच्या जाळ्यात तिला पाण्यातच ठेवायचं, गरी ओढत बसण्यापेक्षा कापायची, बाहेर काढलीच तर दोन्ही हातांवर आडवी, आणि तुमचा श्वास जेवढा रोखता येईल तेवढाच वेळ. जुलैत पाणी सत्तावीस अंशांच्या वर गेलं की मस्कीसाठी जाऊच नका. तेव्हा सोडलेली मस्की पोहत गेल्यासारखी दिसते आणि नंतर मरते. कटर आणि पक्कडीसाठी शंभर डॉलरनं स्वस्त रीळ घ्यावं लागलं, थोडं जुनं, वापरलेलं घ्यावं लागलं, तरी चालेल.

बाबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण एक गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. जिताडा आधी नर असतो आणि वाढत जाऊन मादी होतो. खाडीतला सगळ्यात मोठा जिताडा म्हणजे अंड्यांनी भरणारी मादी. मस्कीत नर-मादी बदलत नाहीत, पण मोठ्या माशाचं तेच आहे: पन्नास इंची मस्की जवळजवळ नेहमीच मादी, आणि बहुधा पंधरा वर्षांच्या पुढची. मिनेसोटाच्या बहुतेक पाण्यात ५४ इंचांखालची मस्की ठेवताच येत नाही, त्यामागे हेच कारण आहे. आपण जिताडा कालवणासाठी धरतो कारण खाडी आणि खार जमिनीतली तळी ते पुरवतात. इथल्या एका मोठ्या तळ्यातही पूर्ण वाढलेल्या मस्की मोजक्याच असतात. अनेक तळ्यांत तर त्या सरकारनं सोडलेल्या पिल्लांपासूनच वाढल्या आहेत. तुम्ही सोडलेली ती ४१ इंची अजून मोठी व्हायची आहे. बाबा कधी इकडे आले तर त्यांना विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डला घेऊन जा. तिथल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीच्या संग्रहालयात मस्कीच्या आकाराची चार मजल्यांहून उंच इमारत आहे, तिच्या जबड्यात उभं राहून खाली बघता येतं. मस्की हा विस्कॉन्सिनचा राज्य-मासा आहे, १९५५ पासून.

खरेदीला जाताना तुमची काठी आणि थंडीतले हातमोजे बरोबर न्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मोठ्या मस्की लागतात तेव्हा, हातमोज्यांत लहान मूठ सापडत नाही आणि दोरीवरचं पाणी गोठतं. रीळ काठीवर बसवून दुकानातच दहा मिनिटं लपेटून धरा. अंगठा न ताणता स्पूलच्या मधोमध पोचतो का, हँडलची मूठ पूर्ण तळव्यात येते का, तेवढं पाहा. शक्य असेल तर त्याआधी मैत्रिणीच्या बोटीवर एकदा ५.८ आणि एकदा ७.६ वर अर्धा-अर्धा तास तेच दहा नंबरचं बकटेल ओढा. माझं गणित आणि तुमचं कोपर यांत फरक पडला तर कोपराचं ऐका, आणि दहाऐवजी आठ नंबरची पाती लावून पाहायला विसरू नका. जूनच्या पहिल्या शनिवारी मोसम उघडतो. डावं घेतलं की उजवं, ते कळवा.